उघड्या दारातलं मंगलाष्टक

माझ्या वडिलांनी शेकडो लग्नं ऐकली आहेत, पाहिली फार थोडी. ते बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. जालन्याजवळच्या आमच्या गावात त्यांना सगळे मास्तर म्हणतात, शाळेत ते सातवीपर्यंतच गेले असले तरी. लग्नात बँड मांडवाच्या बाहेर उभा असतो. आत माणसं दाटलेली, त्यामुळे बोहल्यावर काय चाललंय ते बँडवाल्यांना दिसत नाही. भोंग्यातून मंगलाष्टकं ऐकायची, शेवटचं ‘सावधान’ आलं आणि आतून ‘वाजवा रे वाजवा’ अशी आरोळी उठली, की त्याच क्षणी दणका द्यायचा. लवकर वाजवलं तर वरमाय चिडते. उशीर झाला तर गळ्यात माळा पडताना सगळा मांडव मुका उभा राहतो.

नव्या पोरांना हा नेम शिकवायला बाबांना एक खोटा भटजी लागायचा. तो भटजी मी होते. अंगणात बादली पालथी घालून मी तिच्यावर उभी राहायचे. खऱ्या मंगलाष्टकांचे शब्द मला येत नव्हते, चाल मात्र पक्की होती, म्हणून त्या चालीत समोर दिसेल ते घालायचे. शेजारची शेळी, दोरीवरचं धुणं, ढोलवाल्या काकांचं पोट. ओळ शेवटी ताणायची, ‘शुभमंगल सावधान’ म्हणायचं आणि पोरांनी ढोल बडवायचा. पोरं चुकली की बाबा म्हणायचे, “परत. बाई, लाव परत लग्न.”

मँचेस्टरला आल्यावर हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लाज वाटायची असं नाही. पण इथल्या मराठी मंडळींत कुणाचे वडील सर्जन, कुणाचे बँकेत मॅनेजर, आणि ‘तुझे बाबा काय करतात’ हा प्रश्न दुसऱ्याच वाक्यात येतो. मी ‘संगीतक्षेत्रात आहेत’ असं म्हणून पुढे सरकायचे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. पाणी शुद्ध करण्याच्या तंत्रावर मी इथे एम.एस्सी. करते आहे. विमानात बसल्यापासून एकच गोष्ट डोक्यात पक्की होती: काहीही चुकीचं करायचं नाही. ट्रामचं तिकीट काढल्याशिवाय फलाटावरसुद्धा उभं राहायचं नाही.

मी राहते ते घर दोघींचं आहे. एक नागपूरची, हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, तिला मी डॉक्टरताई म्हणते. दुसरी पुण्याची, कॉम्प्युटरवर काम करते, तिला नुसतं ताई. वरची मागची खोली त्यांनी मला भाड्यानं दिली. पहिल्या आठवड्यात मला वाटलं की त्या मैत्रिणी आहेत. दुसऱ्या आठवड्यात ताईनं भाजी परतता परतता सांगून टाकलं, “आम्ही दोघी एकत्र आहोत. तुला अडचण असेल तर आत्ता सांग, दुसरी खोली शोधायला मी मदत करीन.” मी म्हटलं, “भाजीत मीठ घालू का?” ती हसली. तेच माझं उत्तर धरलं गेलं.

मग या उन्हाळ्यात दोघींनी सिव्हिल पार्टनरशिप करायचं ठरवलं. लग्नासारखेच हक्क, पण लग्न हा शब्द नाही, आणि ठरावीक शपथ म्हणावीच लागते असंही नाही. अधिकाऱ्यासमोर दोघींनी सही केली की झालं. हे ताईला हवं होतं. तिचं एकदा लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. ती म्हणायची, “तेव्हा माझं लग्न लावून दिलं होतं. या वेळी मी स्वतः सही करणार.”

सगळं ठरलं होतं. आणि मग नागपूरहून डॉक्टरताईची आई आली. त्यांना मी मावशी म्हणते.

मावशींना लेकीचं हे गिळायला बरीच वर्षं लागली होती. त्या आल्या, हीच मोठी गोष्ट होती. पण येताना मनात एक अट घेऊन आल्या. पहिल्याच संध्याकाळी चहा बशीत ओतत त्या म्हणाल्या, “सही कराल ते करा. ते सरकारचं झालं. माझ्यासाठी काय करून राहिल्या तुम्ही?”

“म्हणजे काय आई?”

“मंगलाष्टकं म्हणतील कोणी? अक्षता पडतील? जिंदगीभर लोकांच्या पोरींवर अक्षता टाकल्या मी. माझ्या पोरीवर कोण टाकणार?” बशी खाली ठेवून त्या म्हणाल्या, “नाही तं मग मला तिकडे बोलावू नका. मी आपली शनिवारच्या आधीच्या विमानानं जाते. नुसती सही पाहायला काहून थांबू?”

शनिवारी सही होती. डॉक्टरताईचा चेहरा मी पाहिला. आई येणार म्हणून तिनं वर्षभर सुट्ट्या साठवल्या होत्या. ताईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “ठीक आहे. गुरुजींना विचारू.”

आमच्याकडचे गुरुजी फक्त शनिवार-रविवार गुरुजी असतात. सोमवार ते शुक्रवार ते एका कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतात. वास्तुशांत, सत्यनारायण, बारसं, सगळं करतात. पूजेच्या मधे ऑफिसचा फोन आला तर सोवळ्यातच ‘वन मिनिट’ म्हणून बागेत जातात. माणूस वाईट नाही. मी आजारी असताना काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, डबा पाठवला होता.

ते आले, सोफ्यावर बसले, पंचांगाचं ॲप उघडलं. “वराचं गोत्र?”

“वर नाही, गुरुजी,” डॉक्टरताई म्हणाली. “दोघी वधूच आहोत.”

त्यांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

“हे बघा,” ते म्हणाले, “आय ॲम व्हेरी ब्रॉडमाइंडेड. माझा पर्सनली काही विरोध नाही. पण कायदा आहे. या देशात अधिकार नसताना असा समारंभ चालवणं गुन्हा आहे. क्रिमिनल ऑफेन्स. जेल होते.”

“गेल्या वर्षी मिल्टन कीन्सला एक लग्न लावलंत, आम्ही जेवायला होतो,” ताई म्हणाली. “तेव्हा अधिकार होता?”

“ते वेगळं. ते लग्न होतं.”

“आणि हे?”

गुरुजींनी चहाचा घोट घेतला. मग आवाज उतरवून म्हणाले, “एक करता येईल. आईंसाठी म्हणून. मागच्या खोलीत, पडदे ओढून, दार लावून, नुसतं गणपतीपूजन. मंगलाष्टकं नाहीत, अक्षता नाहीत. फोटो तर नाहीच नाही. आणि आपल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही टाकायचं नाही. कुणाला कळायचं कारण नाही.”

मावशी लगेच म्हणाल्या, “एवढं तं एवढं. घेऊ नं करून.”

“नाही,” डॉक्टरताई म्हणाली.

“अगं पण...”

“मावशी,” ताई त्यांच्याकडे वळली. “दार लावून मी खूप वर्षं राहिले आहे. पहिल्या घरी. आता नको.”

मावशींनी पदरानं नाक पुसलं. “मग माझं तिकीट बघा.”

मी दारात चिवड्याच्या बशा घेऊन उभी होते. मला आठवत नाही की मी आधी काही ठरवलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, “मी म्हणू का?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला बशा खाली ठेवायचंसुद्धा सुचेना. “मंगलाष्टकं. संस्कृत नाही येत मला. पण चाल येते. आपल्याकडे मावश्या, आत्या रचून म्हणतातच की लग्नात. तसं एखादं... मी लिहीन.”

“तू?” गुरुजी हसले, वाईट हेतूनं नाही, सहज हसले. “तुला कुठे येते चाल? बाबा काय करतात तुझे?”

या वेळी मी सरकले नाही. “बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. लग्नाच्या.”

“अच्छा! मग तू वाजव की. म्हणायला कुठे निघालीस?”

ताई ताडकन उठणार होती, डॉक्टरताईनं तिचा हात धरला. गुरुजींना आपण काय बोललो ते बहुधा कळलं, कारण पुढचं ते समजुतीच्या सुरात बोलले. “हे बघ बाळ, मी तुझ्या भल्याचं सांगतो. यांच्याकडे पासपोर्ट आहेत इथले. तू स्टुडंट व्हिसावर आहेस. उद्या कुणी कम्प्लेंट केली, केस झाली, तर तुला पहिल्या विमानानं परत पाठवतील. घरची पहिली शिकलेली मुलगी ना तू? मग?”

ते गेले. चिवडा तसाच राहिला.

इथे मी शूर होते असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मला भीती वाटली. ती दोन दिवस गेली नाही. वर्गात सर गाळणीच्या थरांबद्दल शिकवत होते आणि मी विमानतळावर माझी बॅग तपासणारा माणूस बघत होते. पण त्या भीतीबरोबर दुसरंही काहीतरी होतं. मला राग आला होता. ‘गुन्हा’ हा शब्द आमच्या गावात आमच्यासारख्यांसमोर असाच टाकतात. कुणी विहिरीजवळ उभं राहिलं तर, कुणी चौकात खुर्ची टाकली तर. कलम कुणी सांगत नाही. नुसता शब्द टाकायचा आणि समोरचा आपोआप मागे सरतो. इतक्या लांब येऊनही मी मागे सरणार होते, आणि कलम कोणतं ते मला माहीतसुद्धा नव्हतं.

म्हणून मी ते शोधलं. कायदा इंटरनेटवर कुणालाही वाचता येतो. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत दुपारभर बसून मी तो डिक्शनरी शेजारी उघडून वाचला. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. एकेक वाक्य इतकं लांब की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. पण गुन्हे खरंच होते त्यात. अधिकार नसताना आपण नोंदणीचे अधिकारी आहोत असा आव आणून सह्या करवून घेणं. सहीआधी जोडप्याला द्यावी लागते त्या नोटिशीत लिहिलेली जागा सोडून भलत्याच जागी नोंदणी करणं. नोटिशीची मुदत संपायच्या आधी उरकणं. खोटी माहिती देणं. सगळं त्या सहीच्या भोवती होतं. कुणाच्या मागच्या बागेत कुणी काय म्हणावं याबद्दल त्यात मला एक शब्द सापडला नाही.

तरी खात्री वाटेना. न सापडणं आणि नसणं यात फरक असतो, हे मी पाण्याच्या नमुन्यांवरून शिकले आहे. म्हणून मी आणखी एक गोष्ट केली. सहीच्या आधी काही ठरवायला ताईला रजिस्ट्रारनं, म्हणजे सही घेणाऱ्या अधिकारी बाईंनी, बोलावलं होतं. मी साक्षीदार होते, त्यामुळे बरोबर गेले.

बाई वयस्क होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी आधीच सांगितलं, “मी काम चालवत असताना धार्मिक काही चालणार नाही. प्रार्थना नाही, मंत्र नाहीत. गाणं लावायचं तर देवाचं नाव नसलेलं.”

“आमच्या जुन्या गाण्यांत असं शोधणं अवघड आहे,” ताई म्हणाली.

“आमच्याही,” बाई म्हणाल्या.

ताईनं मला कोपरानं ढोसलं. घरून निघताना मी प्रश्न इंग्रजीत तीनदा घोकला होता. मी विचारलं, की त्याच दिवशी घरी गेल्यावर मी यांच्यासाठी आमच्या पद्धतीचं एक गाणं म्हटलं आणि लोकांनी तांदूळ टाकले, तर मी गुन्हा करीन का?

त्यांनी चष्मा लावला आणि माझ्याकडे नीट बघितलं. “तू त्यांची सही घेणार आहेस?”

“नाही.”

“मी अधिकारी आहे, माझ्यामुळे तुम्ही कायद्यानं जोडीदार झालात, असं सांगणार आहेस?”

“नाही. ते तुम्ही करणार.”

“ते मी करणार,” त्या म्हणाल्या. “मग घरी काय हवं ते गा. मला त्याच्याशी काही घेणंदेणं नाही.” मग पेनाचं टोपण लावत म्हणाल्या, “कोणी सांगितलं तुला हा गुन्हा आहे?”

मी म्हटलं, “कोणी नाही.” गुरुजींना इंग्रजांसमोर कशाला उघडं पाडायचं. ताई हसू दाबत छताकडे बघायला लागली.

त्या संध्याकाळी मी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. दोघी बायका आहेत हेही सांगितलं. मला वाटलं, झालं, आता हे दुसरं संकट. बाबांनी विचारलं, “कुणी जबरदस्ती केलीय का त्यांच्यावर?”

“नाही बाबा.”

“मग बरंय की. मी वाजवली त्यातल्या निम्म्या पोरींना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.” मग बाबा मास्तरांच्या आवाजात आले. “गुन्हा नाही हे नीट बघितलंस ना? मग मोठ्यानं म्हण. हळू म्हटलेलं मंगलाष्टक बँडला ऐकू येत नाही.”

मावशींना मी सांगितलं की म्हणणारी मी आहे, माझं काही नाव नाही, अधिकार नाही, माझे वडील वाजवणारे आहेत, चालत असेल तर थांबा. त्या म्हणाल्या, “अक्षता पडतील नं?”

“पडतील.”

“मग कुंकू कुठे मिळते इथं, ते सांग.”

शनिवारी आम्ही कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, इमारतीत गेलो. आम्ही पाच जण होतो: त्या दोघी, मावशी, मी, आणि दुसरा साक्षीदार म्हणून शेजारचे आजोबा. ते एकटेच राहतात आणि आमच्या कचऱ्याचे डबे दर आठवड्याला न सांगता बाहेर नेऊन ठेवतात. त्यांनी टाय घातला होता. खोली छोटी, टेबलावर फुलं, आणि दार सताड उघडं. बाहेरच्या पॅसेजमधून लोक ये-जा करत होते.

मावशींना ते सहन होईना. दोनदा उठून त्यांनी पॅसेजमध्ये डोकावलं. मग मला म्हणाल्या, “दार लाव नं बाई. आपल्यापैकी कोणी गेलं इकडून तं?”

मी दाराकडे गेले. रजिस्ट्रारबाई म्हणाल्या, “सॉरी, ते राहू दे. इथे यायची ज्याची इच्छा असेल त्याला मी अडवू शकत नाही. हे काम गुपचूप करायचं नसतं. त्यासाठीच तर आधी नोटीस लावतो.”

मी मावशींना मराठीत सांगितलं. “दार लावता येत नाही, मावशी. कायदा आहे.”

“कायदा आहे? उघडं ठेवायचा?”

“हो.”

त्या खुर्चीत बसल्या. पर्स मांडीवर घट्ट धरून, तोंड दाराकडे, जणू कोण येतं ते बघायला. कुणी आलं नाही. एक तरुण जोडपं चुकून डोकावलं, ‘काँग्रॅच्युलेशन्स’ म्हणून गेलं. मावशींनी त्यांना मान हलवून नमस्कार केला. तेवढ्यात त्यांच्यात काहीतरी बदललं असावं, कारण नंतर त्यांनी पर्स खाली ठेवली.

दोघींनी सह्या केल्या. शपथ घेतली नाही. ताईनं एका दमात सही केली, मी मात्र साक्षीदाराची ओळ आधी दोनदा वाचली.

घरी पोचल्यावर मावशी सगळ्यांच्या आधी आत गेल्या. आम्ही चपला काढतोय तोवर स्वयंपाकघरातून बासमतीचं मोठं पोतं फरपटत आणून त्यांनी पुढच्या दाराला टेकवलं. दार पूर्ण उघडं राहिलं. मग मागच्या बागेचं फाटकही उघडून तिथे कुंडी ठेवली.

“आई, थंडी येईल आत,” डॉक्टरताई म्हणाली.

“येऊ दे. कायदा आहे.”

बागेत पंधरा-वीस माणसं जमली असतील. हॉस्पिटलमधल्या नर्सेस, ताईच्या ऑफिसातले लोक, माझ्या वर्गातली दोन मुलं. मराठी मंडळींतलं कुणी नव्हतं. ग्रुपवर गुरुजींनी सकाळी लिहिलं होतं की बेकायदेशीर कार्यक्रमांपासून मंडळाच्या सभासदांनी लांब राहावं, विशेषतः विद्यार्थ्यांनी. खाली कुणी काही लिहिलं नव्हतं, नुसतीच अंगठ्याची चित्रं.

अंतरपाट म्हणून पांढरी चादर घेतली होती. मावशी त्यावर कुंकवानं स्वस्तिक काढायला बसल्या, तेव्हा ताई धावत आली. “मावशी, ते इथे नको. आजोबांना धक्का बसेल.”

“काहून?”

ताईनं कानात हिटलरचं सांगितलं. मावशी म्हणाल्या, “बापरे,” आणि कलश काढला.

चादरीचं एक टोक आजोबांना दिलं. दुसरं धरायला मामा लागतो, तो नव्हता. कुणाला बोलवावं असं चाललं असताना बागेच्या फाटकातून काकू आल्या, गुरुजींच्या बायको. पैठणी नेसून, नाकात नथ, अंगावर इंग्लिश कार्डिगन. “दार उघडंच होतं,” त्या म्हणाल्या. कुणी काही विचारायच्या आत त्यांनी चादरीचं टोक हातात घेतलं. “हे गाडीत बसलेत. पार्किंग मिळालं नाही म्हणाले. समोर तीन जागा आहेत.”

मी पायरीवर उभी राहिले. बादली नव्हती म्हणून पायरी. टेबलावर फोन उभा करून ठेवला होता आणि त्यात बाबा दिसत होते, गणवेशातला लाल कोट घालून, हातात क्लॅरिनेट, मागे शेजारची शेळी. उघड्या दारातून रस्ता दिसत होता, रस्त्यापलीकडे ती गाडी, तिची काच खाली केलेली. क्षणभर वाटलं, गुरुजी पोलिसांना फोन लावतायत का. लावोत. कलम मी वाचलं होतं.

मग मी माझ्या आवाजात, जितका होता तितका सगळा लावून, म्हटलं:

आल्या दूर घरून या मिळुनिया, झाल्या घराच्या धनी
नाही बंद कवाड आज कुठले, यावे कुणीही झणी
साक्षी हे जमलेत आप्त सगळे, ज्यांना न भीती मनी
सांगा कोण गुन्हा म्हणेल सुख हे, कुर्यात् सदा मंगलम्

“शुभमंगल सावधान!”

अक्षता पडल्या. नर्सेसना मी आधी शिकवलं होतं की थोड्या थोड्या टाका, पण त्यांनी पहिल्याच ‘सावधान’ला सगळी मूठ रिकामी केली. काकू चादर धरून होत्या म्हणून त्यांच्या मुठीतल्या अक्षता मावशींनी टाकल्या, आणि स्वतःच्या नंतर, एकेक करून, लेकीच्या आणि ताईच्या डोक्यावर नीट नेम धरून. रडत होत्या का ते मला दिसलं नाही. मी पुढचं कडवं म्हणत होते.

शेवटचं ‘सावधान’ झालं. चादर खाली आली. काकू लग्नघरात ओरडतात तशा ओरडल्या, “वाजवा रे वाजवा!” आणि काहीच वाजलं नाही. फोनवर बाबा तोंडाला क्लॅरिनेट लावून स्थिर दिसत होते. दोघींनी माळा हातात धरलेल्या, सगळी बाग मुकी उभी. मला कळलं, नेटवर्क मागे आहे. त्यांच्यापर्यंत अजून सावधान पोचलंच नव्हतं. जन्मभर ज्यांनी नेम चुकवला नाही, त्यांचा आज माझ्यामुळे चुकणार होता.

“थांबा,” मी म्हटलं. “बाबा येतायत.”

सगळे थांबले. आणि मग ते आलं, फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून, जरा फाटलेलं, पण खणखणीत. त्याबरोबर शेळीही. माळा पडल्या. आजोबांनी खिशातून कागदाच्या रंगीत टिकल्या काढून उधळल्या आणि त्यातल्या अर्ध्या स्वतःच्याच टायवर पडल्या.

नंतर मी एका बशीत दोन लाडू घेऊन रस्ता ओलांडला. गुरुजी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. सोवळं नव्हतं, ऑफिसचा शर्ट होता. मी काचेतून बशी पुढे केली. त्यांनी ती घेतली, पण लाडूला हात लावला नाही.

“आत या ना, काका,” मी म्हटलं. “पोलिसांना फोन करायचा असेल तरी आतून करा. वायफाय चांगलं आहे.”

त्यांना हसू आलं की राग, मला कळलं नाही. त्यांनी माझ्या खांद्यावरून घराकडे बघितलं. आत कुणीतरी बाबांना अजून एक वाजवायला सांगत होतं आणि ते वाजवत होते.

“निदान ते दार तरी लावून घ्या,” ते म्हणाले. “सगळा आवाज रस्त्यावर येतोय.”

“ते लावत नसतात, काका,” मी म्हटलं, आणि परत आत गेले.